शेवटच्या गाण्यानंतर

शेवटचं गाणं संपलं आणि पुढं काहीच ऐकू आलं नाही.

श्रीशैलनं आवाज वाढवला. नुसती शांतता आली, मग सीडी थांबली. त्यानं बसूकडं पाहिलं.

"ते आवाज काढून टाकले यांनी," तो म्हणाला.

दुपारची वेळ होती. नवी पेठेतल्या श्रीशैलच्या कापड दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. 'पेल फर्नेस' या बँडच्या दुसऱ्या अल्बमची नवी आवृत्ती सकाळीच कुरियरनं आली होती. हक्कांच्या भांडणात हा अल्बम वर्षानुवर्षं कुठंच मिळत नव्हता. दोघंही पंचेचाळिशीला आलेले, पण कॉलेजपासूनचा वाद मिटला नव्हता. श्रीशैलला पहिला अल्बम थोर वाटायचा, बसूला दुसरा. ड्रमर बदलल्यावर बँड संपला, एवढ्यावरच त्यांचं एकमत होतं. आज मात्र दोघं एका बाजूला होते. नव्या आवृत्तीत गाणी पळत होती. जुन्या कॅसेटमधला तो जड, ओढत नेणारा संथपणा गेला होता. आणि शेवटचे दोन आवाज गायब होते.

त्या आवाजांची दोघांनाही भीती वाटायची. कॅसेटवर शेवटचं गाणं संपलं की जरा वेळ खरखर चालायची. मग लांबून कुणीतरी खोल, घोगऱ्या आवाजात हाक मारल्यासारखं काही यायचं. आणि लगेच अगदी कानाशी, पाठीमागं कुणी येऊन उभं राहावं तशी एक घुरघुर. बँडनं मुद्दाम सैतान भरलाय, असं ते इतरांना हसत सांगायचे. एकट्यानं मात्र दोघांपैकी कुणीच ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकत नसे.

कॅसेट सिद्धरामची होती. तो त्यांच्या वर्गातला, दुधनीचा. कुणाकडून तरी मूळ कॅसेट मिळवून त्यानं घरी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, एकात वाजणारं दुसऱ्यात भरून ही नक्कल केली आणि त्याच दिवशी सोलापूरला यायला निघाला. वाटेत जीप उलटली आणि तो गेला. त्याच्या पिशवीत ही कॅसेट सापडली. वर या दोघांची नावं होती, म्हणून त्याच्या मामांनी ती आणून दिली.

बसू लग्नकार्यात साउंडचं काम करायचा. कॅसेट त्यानं केव्हाच लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवली होती. त्यानं नवं आणि जुनं गाणं एकाखाली एक लावलं. जुनं बरंच लांब निघालं. मग बसू सावकाश म्हणाला की, गाणी कुणी पळवलेली नाहीत. सिद्धूचा टेपच बिघडलेला असणार. भरताना तो जोरात फिरला, म्हणून आपल्या नीट चालणाऱ्या टेपवर आपण इतकी वर्षं सगळं संथ ऐकत आलो.

तो जुन्याचा वेग थोडा थोडा वाढवत गेला. गाणं नव्याशी जुळलं. मग खरखर आली. त्यामागून तो घोगरा आवाज आला, पण आता तो बारीक झाला होता. बाईचा झाला होता.

"सिद्दू, उण्णाक बा."

सिद्धू, जेवायला ये. श्रीशैलच्या घरात रोज बोलतात तीच कन्नड. कुणीतरी अंगणातून हाक मारत होतं.

मग कानाशी ती घुरघुर. पण ती घुरघुर नव्हती. टेपच्या अगदी जवळ तोंड असलेलं कुणीतरी कुजबुजलं होतं.

"बंदे, अव्वा."

आलो, आई.

आवाज ओळखायला दोघांनाही वेळ लागला नाही. सिद्धूच्या मातीला दोघं हजर होते.

पुढचे काही दिवस त्यांनी बँडबद्दल एक शब्द काढला नाही. सिद्धूच्या म्हाताऱ्या आईला हे ऐकवू नये, असं श्रीशैलचं म्हणणं. ती कशीबशी सावरलेली, तिला पुन्हा कशाला त्या दिवसात ढकलायचं? बसू म्हणाला की ही वस्तू आपली नाही, तिची आहे. शेवटी रविवारी दोघं दुधनीला गेले.

सिद्धूची आई बसव्वा ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. बसूनं तिला आधी सगळं समजावून सांगितलं. ऐकवत नसेल तर राहू दे, असंही म्हणाला.

"लाव," ती म्हणाली.

पहिली हाक ऐकून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. स्वतःचा तरुण आवाज तिला ओळखू आला नाही. मग ती कुजबुज आली आणि सुपातला हात थांबला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

नंतर ती आपणहून सांगू लागली. त्या दिवशी सकाळीच तिचं सिद्धूशी वाजलं होतं. घरात हा राक्षसांचा दंगा नको, असं ती ओरडली होती. त्यानं दार लावून घेतलं. जेवायला तिनं एकदा हाक मारली. आतून काही उत्तर आलं नाही. एवढा राग असेल तर राहू दे उपाशी, म्हणून स्वैपाकघराला कडी घालून ती शेताकडं गेली. परत आली तेव्हा तो निघून गेला होता. आपल्याशी न बोलता गेला, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"एवढं हळू का बोलला रं?" तिनं विचारलं.

"रेकॉर्डिंग चालू होतं, अव्वा," बसू म्हणाला. "त्यात आपला आवाज येऊ नये म्हणून."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे ओ दिली हुती की त्यानं," ती म्हणाली.