पायाशी आलेली चकती

ही गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी अमेरिकेला न्यायच्या दोन्ही बॅगा हिने भरून दारात ठेवल्या होत्या. महिन्याने मी दोन्ही घेऊन लेकीकडे आलो. "आईची उघडू?" ती रोज विचारते. मी म्हणतो, "उद्या."

काल जावयाने डिस्क गोल्फ खेळायला नेलं. लांबून चकती फेकत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. मागून खेळणाऱ्यांची चकती माझ्या पायाशी पडली. गल्लीत परका चेंडू आला की देतो, तशी परत फेकली. पुन्हा आली, पुन्हा फेकली.

जावई धावत आला. "बाबा, पडते तिथूनच पुढे खेळतात! बिचारे कधीचे तिथेच आहेत!"

"तरीच हात हलवत होते. मला वाटलं, आभार मानतायत."

मी हसलो आणि हिला सांगायला वळलो.

हिची बॅग अजून उघडायची आहे.