राखेची जमीन

रोलरवाल्याने तोच पट्टा पुन्हा दाबायला घेतला. खरं तर थर केव्हाच पक्का झाला होता. मघाशी खाली उतरून त्याने टाच दाबून पाहिली होती. टाच रुतली नाही की काम झालं, ही त्याची परीक्षा. टाच रुतली नव्हती. तरी तो रोलर मागेपुढे करत राहिला.

वीजकेंद्रातल्या जळक्या कोळशाची राख टाकून जुनी दगडखाण बुजवायची, वर माती पसरायची आणि तिथे बाग करायची, असं ठरलं होतं. डंपर ओली राख ओतून जात आणि हा ती दाबत बसे. एका कडेने निघालेली राखेची जमीन हळूहळू पाण्यात पुढे सरकत होती. खाणीच्या मधोमध मात्र अजून काळंशार पाणी होतं.

समोरच्या काठावर रोज एक बाई बसलेली असायची. छत्री, पिशवी, पाण्याची बाटली. तिची हकीकत मुकादमाने सांगितली होती. तिचा नवरा याच खाणीत क्रेन चालवायचा. एक दिवस कडा ढासळला आणि तो क्रेनसकट आत गेला. खालून झरे फुटले, पाणी चढत गेलं. ते उपसून त्याला वर काढायचं नुसतं बोलणंच राहिलं. तेव्हापासून ती येते. ही बाई एक दिवस भरणीसमोर आडवी पडणार, अशी मुकादमाने धास्तीच घेतली होती.

रोलरवाल्याला तिची धास्ती नव्हती. त्याला वाईट वाटायचं. त्याची स्वतःची बायको गेल्यापासून खोलीवर वाट बघणारं कुणी नव्हतं. भिंतींशी माणूस किती बोलणार? इथे निदान समोर कुणीतरी असायचं. दुपारी तो डबा उघडायचा तेव्हा पलीकडे तीही डबा उघडायची. मध्ये एवढं पाणी, पण सोबतीने जेवल्यासारखं वाटायचं. हे पाणी गेलं की तिचं माणूस पुरतं गेलं, आणि ती यायची थांबली की आपल्यालाही कुणी उरलं नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तो रेंगाळत होता. मुकादम कातावला की इंजिन गरम होतंय, अशी थाप मारून मोकळा व्हायचा.

आज ती काठाकाठाने चालत थेट रोलरपाशी आली. त्याने इंजिन बंद केलं. दुरून वाटायची त्याहून ती बरीच म्हातारी होती. मधल्या पाण्यापर्यंत राख पोचायला अजून किती दिवस लागतील, असं तिने विचारलं.

तिला धीर द्यायला तो म्हणाला, "ताई, तुम्ही काळजी करू नका. तुमच्यासाठीच मुद्दाम हळू करतोय. माझ्या हातात आहे तोवर ते पाणी बुजू देत नाही मी."

तिने चपला काढल्या. तो रोज करायचा तशी त्या दाबलेल्या राखेवर टाच दाबून पाहिली. टाच रुतली नाही. मग तिने पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं.

"दादा, ते बुजावं म्हणूनच तर मी रोज येऊन बसते. एकदा ह्यांच्याजवळ जायचंय. मला पोहता येत नाही."