हातचं न राखता

रेवाच्या आईने पोह्यांची बशी टेबलावर ठेवली. "यामिनीताई, या वेळी हातचं राखून शिकवू नका हं. मागच्या वेळी राखलंत आणि पोर नापास झाली."

यामिनीने पिशवीतून कपाळाला लावायची पट्टी काढली. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षात ती गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवण्या करायची. शिकवणी म्हणजे दोघींनी कपाळाला पट्टी लावून बसायचं, की एकीला समजलेलं दुसरीकडे जायचं. जायचं म्हणजे जायचंच, मागे उरायचं नाही. म्हणून तर पट्टीला खटका होता. तो वर ठेवला की शिकवणाऱ्याकडे थोडं शिल्लक राहायचं. सगळेच तो वर ठेवायचे. त्यातून पुढच्या आठवड्यात यामिनीची स्वतःची तोंडी परीक्षा होती.

रेवा नखं खात बसली होती. दोघींच्या कपाळाला पट्टी लावून यामिनीने खटका खाली ओढला.

दुखलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर होते, तसं काहीतरी झालं.

रेवाने डोळे उघडले आणि ती छताकडे बघतच राहिली. "ताई, पंख्याच्या पात्याचं टोक क्षणोक्षणी दिशा बदलतंय! वेग तेवढाच आहे, तरी त्वरण आहे, आणि ते मध्याकडे खेचतंय. दिसतंय मला! तुम्हाला रोज असंच दिसायचं?"

"काही राखलं नाहीत ना?" आईने दारातूनच विचारलं.

"नाही," म्हणत यामिनीने वर पाहिलं. पंखा फिरत होता.

"वारा छान येतोय," ती म्हणाली.