लाल टोपी, पिवळी टोपी

“फेमकेला घेतो, हिस्केला नाही,” डॉ. पोस्तमा म्हणाल्या. “स्पष्टच सांगते, उगाच आशा नको.”

समोर बसलेल्या आईने, विट्स्केने, कॉफीचा कप खाली ठेवला. नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरातल्या एका शाळेत आज चेहऱ्याची एक बाजू जन्मतः खुरटलेल्या बाळांची तपासणी होती. निदान झालं की उपचार केंद्रात नाव लागतं, कानाचं यंत्र मिळतं, पुढची ऑपरेशनंही तिथेच. नाही झालं की बाळ उचला आणि घरी जा.

“अहो, जुळ्या आहेत त्या,” विट्स्के म्हणाली. “दोघींचाही उजवा कान एवढासा. दोघींनाही त्या बाजूने ऐकू येत नाही.”

“नुसता कान लहान असून भागत नाही. लाल टोपीवालीचा, फेमकेचा, जबडा वाकडा आहे असं डॉ. डेकर म्हणतात. पिवळ्या टोपीवालीचा सरळ आहे असं डॉ. ब्राउवर.”

“दोघं वेगवेगळ्या टेबलांवर होते. एकाचं वाकडं ते दुसऱ्याचं सरळ असेल. आधीच्या हॉस्पिटलांतही तेच झालं. एक हो म्हणतं, एक नाही.”

पोस्तमाबाईंना हे झोंबलं. रडणाऱ्या आया त्यांना चालत, हुज्जत घालणाऱ्या नाही.

“इतरांचं मला सांगू नका. माझे डॉक्टर डोळे मिटून तपासत नाहीत.”

“म्हणजे दोघंही बरोबर?”

“दोघंही.”

“हे माझ्या नवऱ्यासमोर म्हणाल? मी सांगितलं तर त्याला पटायचं नाही.”

“कुणासमोरही म्हणेन. आणि मुलींनाही आणू दे. सकाळपासून एकेकीलाच आत आणतोय, दुसरी म्हणे गाडीत झोपलेली. शेजारी शेजारी बसवा, फरक मीच दाखवते.”

वर्षभर पोरीसाठी दारोदार फिरून विट्स्के पार थकली होती. तिने दाराकडे बघून हाक मारली, “श्यूर्ड, ये आता.”

श्यूर्ड आत आला. कडेवर पिवळी टोपी घातलेली मुलगी होती. दुसरी कुठे आहे म्हणून पोस्तमाबाई त्याच्यामागे दाराकडे बघत राहिल्या.

त्याने मुलीला टेबलावर बसवलं, तिची पिवळी टोपी काढली, आणि खिशातून लाल टोपी काढून तिच्याच डोक्यावर चढवली.