एकच खेप

रविवारी दुपारी शाहीर केवळराम ओसरीवर डफ शेकत बसले होते. कातडं ताणलं तसं त्यांनी नवं गाणं म्हणायला घेतलं. ते मरणाचं होतं. गावात कोणी गेलं की तिरडी उचलण्याआधी अंगणात म्हणायला शाहीर गाणं बांधून देत, ज्याचं त्याचं वेगळं. या गाण्यात मात्र नावाची जागा रिकामी होती. तिथं ते नुसते गुणगुणले.

"कोणाचं म्हणून राहिले?" आतून त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईनं विचारलं. "गावात तर कोणी मेलं नाही."

"मरनच की कोणी. घाईत बांधलेलं कच्चं राहते."

"चिंधूच्या घरी ऐकू जाईल ना! तो बिचारा खाटेवर पडला आहे."

"त्याले सांग, तुझं नाव अजून घातलं नाही म्हणा."

त्यांची मुलगी सत्यवती खांबाला टेकून वाचत होती. ती साकोलीच्या शाळेत शिकवायची; सुट्टीला आली होती, उद्याच्या बसनं परतणार होती. गाणं संपलं आणि बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच. खडी गंमतीत, रात्रभर उभ्यानं चालणाऱ्या त्या गाण्याच्या खेळात, लोक गॅसबत्तीच्या उजेडात 'वन्समोअर' ओरडत त्यांना पहाटेपर्यंत खाली बसू देत नसत. तरी घरी आले की ते आधी हिच्याकडे पाहत. ही कधी 'बरं झालं' एवढंही म्हणाली नव्हती. ती चूक सांगे.

"तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होते," ती म्हणाली.

"वा, मास्तरीणबाई!" ते हसले. ओळ मनात घोळवली, एक शब्द काढला आणि पुन्हा डफावर थाप दिली.

गिरजाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "दुसऱ्या खेपेस नाही! मरणाचं एकच खेप म्हणतात. पुन्हा म्हटलं का अजून कोणाले बोलावणं जाते. तुम्हीच सांगता न लोकाइले?"

"पोरीनं चूक काढली न. चुकीचं गाणं देऊन कोणाले पाठवू?"

त्यांनी पहिल्यापासून म्हटलं. सत्यवतीच्या अंगावर काटा आला. तिनं पान उलटलं. ते थोडा वेळ थांबले, मग उठून त्यांनी डफ खुंटीला लावला.

सकाळी बस यायच्या आधी शेजारचा टेकचंद धानाच्या बांधीतून पळत आला. शाहीर बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले होते, ते उठलेच नाहीत.

पार करडीपासून माणसं आली. अंगण पुरेना. गाणं बांधून देणारा आता कोणी नव्हता. टेकचंद त्यांचा गंमतीतला जोडीदार. त्यानं कालच्या दोन्ही खेपा भिंतीपलीकडून ऐकल्या होत्या. त्यानं डफ घेतला आणि तेच गाणं म्हटलं. रिकाम्या जागी त्यानं केवळरामांचं नाव घातलं.

गाणं संपलं. अशा गाण्यानंतर कोणी बोलत नाही. चौघं तिरडी उचलायला वाकले.

"वन्समोअर."

आवाज बायकांतून आला. चौघांचे हात बांबूवरच राहिले. चिंधूची बायको उठली आणि घराकडे पळत सुटली.

गिरजाबाईनं लेकीचा दंड गच्च धरला. "सत्या! आता कोणाले बोलावून राहिली, माय?"

सत्यवतीनं दंड सोडवून घेतला नाही. अगदी मागच्या रांगेतला माणूस ओरडतो, तशी ती ओरडली,

"वन्समोअर, बाबा!"