शुद्ध प्रत

“यात कुठे काही दिसतंय का सांगा, काका,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन टेबलावरून वडिलांकडे सरकवला. “कालपासून तीनदा वाचलं. मला तर काहीच सापडत नाही.”

फोन डॉक्टरांचा होता, त्यातलं लिखाण मुलीचं. मुलगी याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर होती. डावा पाय प्लॅस्टरमध्ये, आणि औषधानं आलेली झोप. परवा भर दुपारी ती चौकात मधोमध उभी राहून गाड्यांना वाट दाखवत होती. एका टेम्पोवाल्याला ती दिसायला उशीर झाला.

फोनमध्ये एक ॲप होतं. बायपोलरचा आजार असलेल्यांनी स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी. मुलीनं रोज त्यात झोपेचे तास भरायचे, मन कसं आहे ते चार-सहा ओळींत लिहायचं. रविवारी ते सगळं डॉक्टरांकडे जायचं. पाठवायचं काम ‘साथीदारा’चं. साथीदार म्हणून मुलीनं वडिलांचं नाव घातलं, तेव्हा सगळ्यांत जास्त नवल त्यांनाच वाटलं होतं. घरात तिची आत्या होती, जिच्यापुढे मुका माणूसही बोलता झाला असता. धाकटा भाऊ होता. वडिलांना तर मुलीच्या आजाराबद्दल तोंडातून शब्द काढता येत नसे. ‘कशी आहेस’ हेसुद्धा ते वर्तमानपत्राकडे बघत विचारायचे.

“मी कशाला? मला यातलं काय कळतंय?” ते म्हणाले होते.

“तुम्ही फक्त वाचायचं, बाबा. आणि रविवारी बटण दाबायचं. वाचता येतं ना?”

वाचता येत होतं. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. मुलगी मैत्रिणींना सांगायची, “आमच्याकडे मुलांना आधी ऱ्हस्व-दीर्घ कळतं, मग आईबाप.” तिची वेलांटी शाळेतही कधी चुकली नव्हती.

पहिले दोन महिने त्यांनी नुसतं बटण दाबलं. मग एका रविवारी त्यांना ‘झालि’ दिसलं. आपल्या पोरीची चूक परक्या बाईनं कशाला बघायची? साथीदाराला दुरुस्तीची मुभा होती. त्यांनी वेलांटी दीर्घ केली. पुढच्या रविवारी ‘आणी’ निघालं, ‘खुप’ निघालं, तीन अनुस्वार गायब. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची खिडकीजवळ ओढली. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यापुढे कुणी कागद ठेवला नव्हता. मुलीशी बोलणं जमत नव्हतं, पण तिच्या ओळींवरून हात तरी फिरवता येत होता. तिला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. उगाच तिला ओशाळल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या दोन आठवड्यांत काम फार वाढलं. शब्द एकमेकांना चिकटलेले, वाक्यं अर्ध्यावर टाकून दिलेली. ते एकेक ओळ सोडवत बसले. प्रुफं तपासणाऱ्याची एक खोड असते. तो अक्षरं वाचतो, मजकूर वाचत नाही. लेखकाच्या मजकुरात आपला शब्द घालायचा नाही, हा नियम मात्र त्यांनी जन्मभर पाळला होता. इथे तोही मोडला. एके ठिकाणी नुसतं ‘उद्या मी’ एवढंच होतं. बराच विचार करून त्यांनी ते पुरं केलं.

“झोपेचे आकडे तिनं खोटे भरले,” डॉक्टर सांगत होत्या. “रोज सात तास. अहो, आकडे सगळेच खोटे भरतात, म्हणून मी लिखाण बघते. आणि लिखाण बघा कसं आहे! हे अपघाताच्या आधीच्या रविवारचं. ‘उद्या मी आराम करणार आहे.’ किती शांत, किती नीटनेटकं. मी म्हटलं, चला, पोरगी सावरली. तिला बोलावून घेतलं नाही. माझंच चुकलं, काका. मला माफ करा.”

वडिलांनी मान वर केली. त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान असलेली ती बाई खरोखरच रडवेली झाली होती.

“तुम्ही नका माफी मागू,” ते म्हणाले. “ते वाक्य तिचं नाही. माझं आहे.”

“म्हणजे?”

“तिच्या चुका होत होत्या. लिहिताना. मी... मी नीट करून पाठवत होतो.”

डॉक्टरांनी फोन पुन्हा आपल्याकडे ओढला.

“कधीपासून?”

“सहा आठवडे झाले.”

“किती चुका?”

“सुरुवातीला एक,” ते म्हणाले. “मग मोजल्या नाहीत.”

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. त्या रागावल्या असत्या तर वडिलांना सोपं गेलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक पान उघडलं आणि पडदा हळूच त्यांच्याकडे वळवला.

“हे साथीदाराला दिसत नाही. पहिल्या भेटीत तिनं इथेच बसून लिहिलं होतं. मी दर रविवारी हेच शोधत होते, काका.”

वर शीर्षक होतं, ‘आजार उलटण्याची माझी चिन्हं’. खाली मुलीनं एकच चिन्ह लिहिलं होतं. वडिलांनी सवयीनं आधी अक्षरं तपासली. सगळी बरोबर होती. मग त्यांनी मजकूर वाचला.

‘माझं शुद्धलेखन चुकायला लागतं. तेव्हा मला ते कळत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही येणार नाही. बाबांच्या नजरेतून मात्र सुटायचं नाही, म्हणून साथीदार बाबाच.’