कोऱ्या जागेची कड

बडनेऱ्यात फोटोचं दुकान चालवणाऱ्या दीपमालाकडे गोदाबाईंनी लेकीच्या लग्नात वाटायला घरच्या फोटोचे, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट सांगितले होते. फोटोतल्या माणसांच्या कडेकडेनं मशीनचं पातं फिरायचं अन् तसाच मॅग्नेट सुटून यायचा.

पहिलाच मॅग्नेट भलता निघाला. फोटोतल्या गोदाबाईंच्या बाजूच्या कोऱ्या जागेभोवतीही पातं फिरलं होतं. खांद्यावर पिशवी घेतलेल्या माणसाचा पांढरा आकार तिथं उभा होता.

दीपमालानं कड पुन्हा आखली. दुसऱ्या मॅग्नेटवर तो आकार आणखी जवळ सरकला होता.

"मावशी, मशीन बिघडली वाटते," ती समोर बसलेल्या गोदाबाईंपुढे ओशाळली. "नव्यानं करून देतो."

गोदाबाईंनी आकारावरून बोट फिरवलं. "राहू दे माय. आमचा अंकुर असाच उभा रायते. रागानं घर सोडून गेला, तवाबी पिशवी त्याच खांद्यावर होती."

तिसरा मॅग्नेट सुटला. आता पिशवी खाली ठेवलेली होती अन् पांढरा हात फोटोतल्या गोदाबाईंच्या खांद्यावर होता.

दीपमालानं वर पाहिलं. भरदुपारी दुकानात त्या दोघीच होत्या. गोदाबाईंच्या खांद्यावरचा पदर मात्र पाच बोटांखाली दबावा तसा दबला होता.

गोदाबाई मागं वळल्या नाहीत. त्यांनी आपला तळवा त्या खांद्यावर अलगद ठेवला.

"हात गरम हाय वं पोरी," त्या म्हणाल्या. "जित्ता हाय माहा लेक."